चाचणीचा अहवाल वाचताना आधी काय पाहावे
औषधचाचणीचा अहवाल हाती आला की थेट निष्कर्षाकडे वळू नका. चाचणीपूर्वी नोंदवलेला आराखडा काढा आणि त्यातला मुख्य निकष, म्हणजे औषधाचे यश ज्या मोजमापावरून ठरवायचे ते, अहवालातही तोच आहे का, हे शब्दशः ताडून पाहा. निकषाच्या निवडीवर रुग्णांचे प्राण अवलंबून असतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे अनियमित ठोके एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी खरोखरच आटोक्यात येत होते; परंतु ‘कास्ट’ नावाच्या चाचणीत मृत्यू मोजले गेले, तेव्हा औषध घेणाऱ्यांमध्ये निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक रुग्ण दगावल्याचे १९८९ साली उघड झाले. यादृच्छिक वाटणी, म्हणजे कोणत्या रुग्णाला औषध आणि कोणाला निष्क्रिय गोळी हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे, नसती, तर ते मृत्यू मूळ आजाराच्याच खाती जमा झाले असते. औषध मध्येच सोडणाऱ्यांची गणनाही मूळ गटातच झाली आहे ना, हे अवश्य तपासा. माझ्या मते नवख्यांचे सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होते.