ऐकत नाही, की ऐकू येत नाही?

ताई,
माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. तीन-तीनदा हाक मारावी लागते, सांगितलेलं अर्धंच करतो. शाळेतून निरोप येतो, 'लक्ष नसतं, सांगितलेलं ऐकत नाही.' बोलणंही अजून बोबडं आहे, 'साप'ला 'आप' म्हणतो. मी खूप ओरडले, दोनदा हातही उचलला. मागच्या आठवड्यात कान तपासले, तर दोन्ही कानांत दोष निघाला. येत्या मंगळवारी श्रवणयंत्रं बसवणार आहेत. घरात कुणाला पटतच नाही. दार आपटलं की हा दचकतो, गाण्याच्या ठेक्यावर नाचतो, मग बहिरा कसा? जन्मल्यावर झालेली तपासणीही ठीक होती. यंत्राची सवय लागून उरलेलं ऐकणंही जाईल, असं त्याचे बाबा म्हणतात. मला रात्र रात्र झोप नाही. तपासणीच्या खोलीत स्पीकरमधून बारीक शिट्टी वाजायची, ती ऐकली की त्याने ठोकळा डब्यात टाकायचा. मला शिट्टी ऐकू येत होती. तो ठोकळा गालाशी धरून वाट बघत बसला होता. रिपोर्टचा फोटो सोबत पाठवते.
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

तो गालाशी धरलेला ठोकळा माझ्याही डोळ्यांसमोरून हलत नाहीये. त्याला काय सांगितलं होतं? ऐकू आलं की टाक. ऐकू आलं नाही, म्हणून त्याने टाकला नाही. सांगितलेलं त्याने अगदी तंतोतंत ऐकलं होतं.

आपल्या भाषेत 'ऐकणं' हा एकच शब्द कानांचंही काम सांगतो आणि आज्ञाधारकपणाही. 'ऐकत नाही' म्हटलं की दोष मुलाच्या स्वभावाकडे जातो. शाळेने तेच केलं, घराने तेच केलं, तूही केलंस. त्यामुळे कानांकडे बघायचं कुणाला सुचलंच नाही.

आता तो रिपोर्ट समोर ठेव. आडव्या रेषेवर आवाजाची पट्टी आहे, हर्ट्झमध्ये मोजलेली, डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो ते, खाली जाल तसा मोठा. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. तुझ्या लेकाची रेघ 250 आणि 500 हर्ट्झला 20 डेसिबलच्या जवळ आहे, म्हणजे तिथे फारशी अडचण नाही. 2000 ला ती 45 वर उतरते आणि 4000 ला थेट 60 वर. घरातल्यांचं कोडं या उतारातच आहे. दार आपटल्याचा धाडकन आवाज, गाण्याचा ठेका, तुझ्या हाकेतला सूर हे सगळं बरंचसं डावीकडे, त्याला चांगलं ऐकू येणाऱ्या भागात आहे. स, श, त, थ, ख, च यांची ओळख पटवणारा भाग मात्र बराचसा उजवीकडे असतो. आपलं साधं बोलणं 60 डेसिबलच्या आसपास असतं, पण त्यातला 'स' त्याहून कितीतरी हलका. त्यामुळे त्याला आवाज येतो, शब्द येत नाही.

बाबांना एक करून दाखव. 'साप, ताप, चाप, काप' हे चारही शब्द पहिलं व्यंजन गाळून म्हण. चारही वेळा 'आप'. तो 'साप'ला 'आप' म्हणतो ते बोबडेपण नाही. जे कानावर पडलं तेच तो तुला परत देतोय. 'आलास', 'जातोस' यांतला शेवटचा स तर आपण घाईत जेमतेम उच्चारतो, तो याच्यापर्यंत पोचत असेल असं मला वाटत नाही. राहिलेल्या जागा तो अंदाजाने भरतो. चेहरा बघतो, ओठ बघतो. पण ओठांवर 'पाय', 'बाय' आणि 'माय' सारखेच दिसतात. दिवसभर अशी कोडी सोडवून मूल दमतं. शाळेतून आल्यावर तो उगाच चिडतो, रडतो असं होत असेल, तर आधी हा थकवा असेल असं धरून चाल.

असं फक्त बारीक आवाजांचंच ऐकणं का जातं? आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते, कॉक्लिया. तिच्यात साधारण 15,000 केसपेशी असतात. बारीक आवाज शंखाच्या तोंडाशी पकडले जातात, जाड आवाज आत टोकाशी. तोंडाकडच्या पेशी बिघडल्या, तर बारीक आवाज तेवढे हरवतात. माणसात या पेशी पुन्हा उगवत नाहीत, म्हणून औषधाने हे भरून येईल या आशेवर महिने घालवू नका. (लहान मुलांत पडद्यामागे पाणी साचूनही कमी ऐकू येतं. ते वेगळं, बऱ्याचदा बरं होणारं. तुझ्या रिपोर्टात पडद्याची हालचाल नीट आहे आणि कवटीच्या हाडावाटे थेट आतल्या कानाला दिलेले आवाजही तितकेच कमी ऐकू आलेत, म्हणजे दोष आतल्या कानातला.)

जन्मावेळची तपासणी खोटी नव्हती. पण ती चाळणी असते. सौम्य दोष, किंवा काही ठरावीक पट्ट्यांतलाच दोष तिच्यातून निसटू शकतो, आणि काही मुलांचं ऐकणं जन्मानंतर कमी होत जातं. म्हणून तर कारणाचा शोध घ्यायला कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचार आणि पुढच्या तपासण्या चुकवू नकोस. तुझ्या गरोदरपणातलं काय चुकलं हे मात्र रात्री उकरत बसू नकोस. जन्मजात दोषांपैकी निम्म्याहून अधिक आनुवंशिक असतात आणि अशी बहुतेक मुलं उत्तम ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्याच पोटी येतात.

बाबांच्या भीतीबद्दल. यंत्र याच्याच ऑडिओग्रामनुसार, म्हणजे रिपोर्टातल्या त्या आलेखानुसार लावतात, कानाच्या नळीत बारीक नळी घालून आवाज मोजतात आणि तो कुठल्या पातळीच्या वर जाणार नाही हेही आत ठरवून देतात. असं नीट लावलेलं यंत्र कान बिघडवत नाही. न लावण्याने काय होतं ते त्यांना सांग. भाषा शिकणाऱ्या मेंदूला ज्या वयात स आणि श हजारो वेळा मिळायला हवेत, त्या वयात ते मिळत नाहीत. मुलं बरंचसं तर मोठ्यांचं आपसातलं बोलणं कानावर पडून शिकतात, आणि याच्या कानावर ते पडतच नाही. पाच वर्षं गेली आहेत, अजून महिने घालवू नका.

यंत्र लावल्यावर लगेच लख्ख ऐकू येईल असं मात्र नाही. नळाची धार, कागदाची चुरचुर, स्वतःच्या चपलांचा आवाज पहिल्यांदा कानावर आला की तो कदाचित यंत्र काढून फेकेल. शांत खोलीत, आवडीच्या खेळात सुरुवात कर आणि वेळ वाढवत जा. शेवटी झोप आणि अंघोळ सोडून दिवसभर. गोंगाटात आणि लांबून तरीही अवघड जाईलच, म्हणून वर्गात पुढची जागा माग आणि बाईंना रिमोट मायक्रोफोनबद्दल विचार, तो बाईंचा आवाज थेट त्याच्या यंत्रात पोचवतो. स्पीच थेरपी सोबतच सुरू कर. कान वाढतो तसे मोल्ड, म्हणजे यंत्राचे कानात बसणारे साचे, बदलावे लागतात, यंत्रातून शिट्टी ऐकू यायला लागली की समज. आणि यंत्राच्या त्या छोट्या सेलकडे फार लक्ष दे. गिळला तर जिवावर बेततं, सेलचं झाकण कुलूपवालं माग. गेला पोटात असं नुसतं वाटलं तरी थेट हॉस्पिटल गाठ.

रोज सकाळी यंत्र घातलं की त्याच्या मागे उभी राहून सहा आवाज म्हण: आ, ऊ, ई, म, श, स. क्रम रोज बदल, मधली थांबायची वेळही बदल. ऐकू आलं की ठोकळा डब्यात. खेळ त्याला येतोच. एखाद्या सकाळी नेहमी येणारा आवाज आला नाही, तर आधी सेल आणि मोल्डमधला मळ बघ, तरीही नाही तर ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडे जा.

उरलं तुझं ओझं. हात उचललास ते चूकच होतं, त्याला स्वच्छ ऐकू येत असतं तरीही. ते मी पुसून देणार नाही. पण ही गोष्ट अजून तुझ्या हातात आहे. त्याच्या समोर खाली बस, उजेड तुझ्या चेहऱ्यावर येईल अशी, टीव्ही बंद करून. सावकाश, नेहमीच्या आवाजात सांग, 'मला वाटायचं तू मुद्दाम करतोस. तुला ऐकू येत नव्हतं, मला कळलं नाही. माझं चुकलं.' हेच त्याच्या बाबांनीही म्हटलं तर फार बरं.

मंगळवारी यंत्रं लागली की त्याने पहिल्यांदा कुठल्या आवाजाकडे वळून पाहिलं, ते मला कळव. मी वाट बघते.

तुझी ताई