वाचकांचे प्रश्न : चपलेला चिकटलेले ‘शिंपले’

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही गुहागरला गेलो होतो. तिथे वाळूत मुलीला तीन वस्तू सापडल्या. एक पांढरी, होडीच्या आकाराची, अगदी हलकी. दुसरी म्हणजे मोठी, चपटी, तपकिरी बी. तिसरी रबरी चप्पल. तिला देठ असलेले शिंपले चिकटलेले होते. हे सगळं काय आहे? घरी ठेवलं तर चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : चप्पल बघून तुम्ही नाक मुरडलं नाहीत, याचा मला फार आनंद झाला. ते शिंपले नव्हेत. खेकडा-कोळंबीच्या गोतातले बार्नॅकल आहेत. मऊ देठ आणि टोकाला निळसर पांढऱ्या पाच पट्ट्या. पट्ट्या उघडून ते पिसासारखे पाय बाहेर काढतात आणि पाण्यातलं अन्न गाळून खातात. पिल्लं पाण्यात पोहतात, तरंगती वस्तू दिसली की डोक्याकडून चिकटतात ती कायमची. म्हणजे ही चप्पल कुणा पर्यटकाने काल टाकलेली नाही, काही आठवडे तरी समुद्रात होती. चप्पल उलटसुलट करून बघा. बार्नॅकल लागलेली बाजू पाण्याखाली असणार. उन्हाने विटलेली, स्वच्छ बाजू वर.

बी गारंबीची. सह्याद्रीच्या जंगलात हा दांडगा वेल झाडांवर चढतो, शेंग मीटरभर लांब होते. पावसात बिया ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात येतात. साल टणक आणि आत पोकळी, म्हणून बी बुडत नाही आणि सहसा कुजतही नाही. मुलीला रुजवायची असेल तर कडेची साल कानशीने थोडी घासून बी पाण्यात भिजत घालायला सांगा. फक्त तोंडात घालू देऊ नका, कच्ची बी विषारी असते. वेल कुंडीत मावणारा नाही, हेही आधीच सांगून ठेवा.

पांढरी वस्तू म्हणजे समुद्रफेस, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो तोच. हे माकुल या समुद्री प्राण्याच्या एका जातीचं आतलं कवच. त्यातल्या बारीक कप्प्यांत वायू आणि पाणी कमी-जास्त करून तो प्राणी पाण्यात वर-खाली होतो. तुकडा मोडून भिंगाखाली धरा, कप्प्यांचे थर दिसतील.

बी आणि समुद्रफेस खुशाल ठेवा. चपलेवरचे बार्नॅकल मेले की भयंकर घाण सुटते, त्यामुळे फोटो काढून ती कचऱ्यात टाकलेली बरी. शंख उचलताना आत कोणी आहे का बघाच, आणि रिकामे शंखही ओंजळी भरभरून आणू नका. शंखातल्या खेकड्यांना घर म्हणून तेच लागतात. प्रवाळाचा तुकडा मात्र मुळीच आणू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे.

पुन्हा याल तेव्हा अमावस्या-पौर्णिमेचं उधाण ओसरल्यावर, सुकतीला म्हणजे ओहोटीच्या वेळी, भरतीने आणलेल्या पातेऱ्याच्या रेघेवरून चाला. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा दिसला तर भरती पोचणार नाही इतका वर ओढून ठेवा. तो परत पाण्यात गेला तर कासवं अडकतात.