पोषण-संवाद : राबणारीच्या ताटात किती पडतं?

प्रश्न : मॅडम, माझं वय ३८. बार्शी तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. पहाटे पाचला उठते, घरचं आवरून आठला रानात. मग दिवसभर खुरपण, नाहीतर काढणी. अकराच्या सुमारास गरगरतं, डोळ्यांपुढं अंधारी येते. वर्षभरात वजन ४९ वरून ४५ किलोवर आलं. मेडिकलवाल्यानं प्रोटीन पावडर घ्यायला सांगितलीय, डबा साडेसहाशेचा. घेऊ का? माझं खाणं असं : सकाळी दोनदा चहा, दोन बिस्किटं. दुपारी रानात दोन भाकरी, ठेचा, कालवण. तिसऱ्या प्रहरी चहा. रात्री सगळ्यांचं झाल्यावर एक भाकरी आणि उरलेला आमटी-भात.
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पावडर घेऊ नका. ते साडेसहाशे रुपये शेंगदाणे, डाळ आणि अंड्यांसाठी ठेवा. तुम्ही खाणं इतकं नेमकं लिहिलंत म्हणून हिशेब करता आला.

एका भाकरीला ७५ ग्रॅम ज्वारीचं पीठ धरलं तर २५० कॅलरी मिळतात, म्हणजे तीन भाकरींच्या साडेसातशे. तीन कप साखरेचा चहा, बिस्किटं, थोडा भात, पातळ आमटी-कालवण आणि ठेचा मिळून आणखी पाचशेच्या आसपास. एकूण साडेबाराशे.

आता खर्च बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली ५५ किलो वजनाच्या बाईची रोजची गरज अशी सांगितली : बैठं काम असेल तर १६६० कॅलरी, मध्यम कष्टाला २१३०, जड कष्टाला २७२०. तुमच्या ४५ किलोला हेच प्रमाण लावलं तर मध्यम कष्टाला साडेसतराशे, काढणीच्या दिवसांत बावीसशेपर्यंत. नुसतं अंथरुणावर पडून राहिलात तरी श्वास, हृदय, मेंदू चालवायला हजार-अकराशे लागतातच. म्हणजे तुमचं सगळं खाणं जेमतेम जिवंत राहण्यापुरतं पुरतं आणि रानातलं काम अंगातून वजा होतं. वजन उतरायला एवढं कारणही पुरेसं आहे. शिवाय अकरा वाजेपर्यंत पोटात काय, तर चहा-बिस्किटं. त्यावर तीन तास उन्हात वाकून खुरपायचं. गरगरणार नाही तर काय होईल?

मी गावोगावच्या शिबिरांत बायकांना विचारते, काल रात्री शेवटी कोण जेवलं? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. घरात सगळ्यात आधी उठणारी, रानातही राबणारी बाई टोपल्यात उरेल त्यावर भागवते. मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. तुमच्या घरातल्यांनी हे पान वाचावं असं मला वाटतं. त्यांना तुमची काळजी नाही असं मी म्हणत नाही, पण टोपल्याकडं कुणी बघत नाही हे खरं. आजपासून भाकरी थापतानाच तुमच्या वाट्याच्या बाजूला काढा, आणि रात्री सगळ्यांबरोबर बसा. आमटी कमी पडली तर ती सगळ्यांना सारखी कमी पडू दे.

सकाळी निघण्याआधी एक भाकरी खा. रात्रीची शिळी असली तरी चालेल, वर शेंगदाण्याची चटणी आणि तेल. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत दीडशे कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं असतात. तुमच्या भागातली ही चटणी प्रसिद्ध आहेच, ती चिमूटभर तोंडी लावण्यापुरती ठेवू नका. दुपारच्या डब्यात पातळ कालवणाऐवजी मटकी, हुलगे किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ न्या. एवढ्यानं पाच-सहाशे कॅलरी वाढतात, काढणीच्या दिवसांत त्यावर आणखी एक भाकरी घ्या.

प्रथिनांचं म्हणाल, तर किलोमागं ०.८३ ग्रॅम या हिशेबानं तुम्हाला ३७ ग्रॅम लागतात. आत्ता तीसच्या आसपास मिळतात. पण कॅलरीच कमी पडत असल्या की शरीर तीही जळणासाठी वापरतं, महागड्या पावडरीचंही तेच होईल. वर सांगितलेलं नीट खाल्लं तर प्रथिनं सहज चाळीस ग्रॅमच्या वर जातील. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांमधला गरजेचा घटक कमी असतो आणि तो कडधान्यांत भरपूर असतो, म्हणून भाकरीबरोबर उसळ हवीच. अंडं खात असाल तर एकात सहा ग्रॅम मिळतात.

मात्र सगळा दोष खाण्यावर टाकून थांबू नका. याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला होता. तुमचं बारापेक्षा कमी निघालं तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. त्या चहाबरोबर घेऊ नका, जेवणानंतरही तासभर चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. उसळीवर लिंबू पिळा, पेरू मिळाला तर खा. गुळाच्या खड्यानं रक्त वाढेल या भरवशावर राहू नका, त्यातलं लोह फार थोडं. पाळीत अंगावरून जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

चार किलो घटलेत म्हणून साखर, थायरॉइड आणि छातीची तपासणीही करायला सांगा. खोकला वा संध्याकाळचा ताप असेल तर अजिबात थांबू नका. महिनाभर असं खाऊन वजन करा आणि आकडा मला कळवा, तपासणीचे कागदही पाठवा.