परदेशातला पहिला गायनदौरा: सुरुवातीला एवढं सांभाळा

दौरा ठरला, फार छान! पहिल्या वेळी हमखास होणारी चूक म्हणजे रोज नवं शहर, रोज कार्यक्रम. गळ्याला ते झेपत नाही. विमानातल्या कोरड्या हवेनं घसा सुकतो, झोपही मोडते. उतरल्यावरचा पहिला दिवस मोकळाच ठेवा.

- तिकीट लावून गाणार असाल तर पर्यटक व्हिसावर चालेल का, हे वकिलातीला आधीच विचारा. परतीनंतरही पासपोर्टची मुदत किमान 6 महिने उरू द्या; बरेच देश तसं बघतात.
- गाण्यांच्या वह्या हातातल्या बॅगेतच.

प्रत्येक सभागृहात आधी गाऊन बघाच. मोठ्या दगडी चर्चमध्ये आवाज काही सेकंद घुमतो, द्रुत गाण्यांचे शब्द एकमेकांत मिसळतात. लय थोडी उतरवा, व्यंजनं ठाशीव म्हणा. गाणी मुरलेलीच घ्या. ध्वनिमुद्रण, प्रायोजक वगैरे पुढच्या दौऱ्याला बघू.