रक्त चढवताना सुई लावतात तेव्हा गाणं लावलं तर मुलीचा त्रास कमी होतो का?

होतो. पण मोबाइल काढून कुठलंही गाणं लावलं की झालं, असं नाही. मी सोळा वर्षं मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे, सध्या नवी मुंबईत ऐरोलीला. मुलगी साडेपाच वर्षांची, थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार, दर तीन आठवड्यांनी रक्त, आणि ट्रे दिसला की किंचाळायला लागते, असं तुम्ही लिहिलंय. अशी मुलं माझ्या रोजच्या बघण्यातली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी दिघ्याच्या एका पाच वर्षांच्या मुलाचं सांगते. त्याचे बाबा कामाला ठाण्याहून वाशीच्या गाडीने जायचे आणि रात्री त्याला झोपवताना स्टेशनांची नावं चाल लावून म्हणायचे. दिघा गाव स्टेशन सुरू झालं तेव्हा ते नावही चालीत बसवलं. सुई लावायच्या दिवशी बाबांनी त्याला मांडीवर छातीशी धरलं, एक हात तेवढा माझ्याकडे. मी दंडाला रबरी पट्टा बांधायच्या आधीच दोघांनी सुरुवात केली होती. ठाणे, दिघा गाव, ऐरोली... रबाळ्याला स्पिरिटचा गार बोळा लागला आणि त्याचा आवाज बारीक झाला. बाबांनी चाल सोडली नाही, फक्त हळू केली. घणसोलीला सुई आत गेली. 'घण' वर तो अडकला, डोळे भरले, पण 'सोली' म्हटलंच त्याने. कोपरखैरणे, तुर्भे होईपर्यंत मी चिकटपट्ट्या लावत होते. वाशी आल्यावर त्याने विचारलं, "झालं?"

दुखलं नाही असं नव्हे. दुखलंच. पण हात ताठ झाला नाही, शीर एका टोच्यात मिळाली, आणि पुढच्या खेपेला तो दारातून आत आला तो रडत आला नाही. मुलांच्या बाबतीत ही शेवटची गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, कारण तुमच्या मुलीला पुन्हा पुन्हा यायचंच आहे.

असं का होतं, याचा विचार जुना आहे. मेलझॅक आणि वॉल या दोन वेदना-संशोधकांनी १९६५ मध्ये मांडलं की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जाताना मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं, आणि ते किती उघडायचं यात मेंदूचाही हात असतो. भीती, लक्ष कुठे आहे, या सगळ्याचा तिथे परिणाम होतो. शिवाय गाताना श्वास आपोआप लांब सुटतो, श्वास कोंडून अंग आवळून धरणं जमत नाही. कॅनडात एडमंटनला ३ ते ११ वर्षांच्या ४२ मुलांवर सलाइनची सुई लावताना प्रयोग झाला, २०१३ मध्ये छापून आला. संगीत नसलेल्या गटात मुलांनी सांगितलेली वेदना वाढली, संगीत असलेल्या गटात ती होती तिथेच राहिली. रडण्या-ओरडण्याची जी मुख्य मोजणी होती तिच्यात मात्र सगळ्या मुलांचा मिळून ठळक फरक दिसला नव्हता. म्हणून गाणं लावूनही मुलगी रडली तर गाणं फुकट गेलं असं समजू नका.

आता एक चूक सांगते, कारण ती तुमच्याकडून होऊ नये. मी नवीन असताना, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, आम्ही सुई लावतानाच एक ठरलेलं बालगीत स्पीकरवर लावायचो. काही महिन्यांनी एका मुलीची आई म्हणाली, "सिस्टर, शेजारी वाढदिवसाला तेच गाणं लागलं आणि ही हात फ्रॉकखाली लपवून कोपऱ्यात जाऊन बसली." ते आम्ही केलं होतं. तिचं एक गाणं आम्ही सुईला देऊन टाकलं होतं. त्या दिवसापासून मी वॉर्डात ठरलेलं गाणं लावत नाही. जे गाणं घरात आंघोळीला, जेवताना, झोपताना चालू असतं तेच आणा, आणि घरी गेल्यावर ते त्याच संध्याकाळी पुन्हा म्हणा. तिला निवडू द्या. आरती निवडली तर आरती.

शक्यतो तुम्ही स्वतः गा. गळा कसाही असू दे. मोबाइलला कळत नाही की आत्ता पट्टा आवळला, आत्ता हळू व्हायला हवं. तुम्हाला तिच्या चेहऱ्यावरून कळतं. आणि सुई लागणार नाही असं खोटं सांगून गाणं सुरू करू नका, पुढच्या वेळी ती गाण्यावर आणि तुमच्यावर, दोन्हींवर विश्वास ठेवणार नाही.

गाणं हे औषधाच्या जागी नाही. कातडी बधिर करणारं क्रीम मिळतं, लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचं. ते सुईच्या साधारण तासभर आधी लावून वर झाकावं लागतं, म्हणून डॉक्टरांना आदल्या खेपेलाच विचारून ठेवा, त्या दिवशी ऐनवेळी विचारून उपयोग नाही.

आणि पोचल्यावर सिस्टरला आधीच सांगा: "हिला मांडीवर घेऊन बसते, आम्ही गाणं म्हणतो, आमचं सुरू झालं की तुम्ही पट्टा बांधा." एखादी सिस्टर घाईत असेल, तरी सांगा. आम्हालाही शांत हातात शीर लवकर सापडते.