जुनी पिकअप कोल्हापुरात घरीच नव्यासारखी करायची आहे, सुरुवात रंगापासून करू का?

रंग सगळ्यात शेवटी. आधी चेसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा बघा, आपल्या पावसाळ्यात चिखल तिथंच साचून राहतो. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. खणखणीत वाजलं तर पत्रा शाबूत. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले, तर तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा. गंजावर नुसती पुट्टी अजिबात नको, आतून तो खातच राहतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा, नाहीतर अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) जाऊ शकतो.

मग ब्रेक, वायरिंग. इंजिनचं बोअरिंग (सिलिंडर आतून कापून नीट करणं), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासून गुळगुळीत करणं) घरी होत नाही; त्याला कोल्हापुरातली कारखान्यांची वसाहत शिवाजी उद्यमनगर आहेच, आणि तिथल्या कारागिरांवर माझा पूर्ण भरवसा आहे.

इंजिन किंवा बॉडीच बदलणार असाल, तर मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ वाचा आणि आधी आरटीओत जाऊन या. रंग बदललात तर आरसीवर नोंद करून घ्या.