जपानला शिकवायला निघण्याआधी

सोलापूर

अनेक उत्तम आशीर्वाद.

माझ्यासारखंच तुलाही दिसत नाही, तरी ओकायामाच्या शाळेत इंग्रजी शिकवायला निघालीस, फार बरं वाटलं. घरचे 'सोबत कोण जाणार?' म्हणतायत ना? त्यांच्यावर चिडू नकोस, पण सोबत कुणाला नेऊही नकोस. नवी पेठेत साडी घेताना दुकानदार तुला सोडून आईला विचारतो, 'यांना रंग कुठला दाखवू?' शाळेतही तेच होईल. (डॉ. कोटणीसांचा दाखला मात्र घरी देऊ नकोस. १९३८ साली चीनला गेलेले ते परत आले नाहीत, हे आईला ठाऊक असणार.)

रस्त्याची फार धास्ती घेऊ नकोस. आपल्याला पायानं वाट कळावी म्हणून बसवतात त्या पिवळ्या उठावाच्या फरशा सेइइची मियाके यांनी १९६५ मध्ये काढल्या आणि १९६७ मध्ये पहिल्यांदा ओकायामातच बसल्या. रेघा म्हणजे चाल, ठिपके म्हणजे थांब. फलाटाच्या कडेला बऱ्याच ठिकाणी ठिपक्यांलगत एक जादा रेघ लागते, ती आतल्या, म्हणजे रुळांपासून लांबच्या बाजूला असते. ही खूण पायाला पाठ हवी. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून जातात, पण सात रस्ता चौकातल्या हॉर्नवर पोसलेला आपला कान तिथं फसतो. हॉर्न क्वचित वाजतो, हायब्रीड गाडी अगदी जवळ येईतो कळत नाही. रस्ता ओलांडायचा सिग्नल हिरवा झाला की वाजणारे पक्ष्यांचे आवाजही बऱ्याच ठिकाणी रात्री बंद असतात.

स्टेशनात फाटकापाशी सांगितलंस की कर्मचारी डब्यात बसवून देतो, उतरायच्या स्टेशनला कळवतो. खुशाल मदत घे. फक्त त्यानं तुझा दंड धरायचा नाही, त्याचा कोपर तू धरायचा.

खरी कसोटी वर्गात. हात वर केलेला तुला दिसणार नाही, आणि माझ्या तिथल्या वर्गात तर मुलं आपणहून तोंडच उघडत नसत. म्हणून पहिल्याच तासाला नियम घाल: बोलण्याआधी नाव. जागा ठरलेल्या, यादी ब्रेलमध्ये बोटाखाली. मग खुसफुस कुठून आली ते ओळखून नावानिशी हाक मारलीस की वर्ग सरळ होतो. फळ्यावर रोज वेगळ्या मुलाला लिहायला लाव. त्याचं स्पेलिंग बाकीचे आनंदानं तपासतात.

जपानी ब्रेल आत्ताच धर. ठिपके सहाच, कांजीची, म्हणजे त्यांच्या चित्रलिपीतल्या अक्षरांची, कटकट नाही.

आणि सही करण्याआधी एक गोष्ट लेखी घे: गृहपाठ, नोटिसा, बैठकीची टिपणं सगळं फाइलमध्ये मिळेल, छापील कागदावर नाही. तोंडी 'हो' वर भागवू नकोस. कराराचा मसुदा आला की मला पाठव, मी ऐकून बघतो.